पालथा चेहरा

गल्लीतले लोक त्यांना ‘भोकपाडे’ म्हणत. हे त्यांचे आडनाव नव्हते. लोकांनी दिलेली ती उपाधी होती, आणि एखाद्या पंडिताने पदवी धारण करावी तितक्याच निमूटपणे त्यांनी ती चाळीस वर्षे धारण केली होती. त्यांचा व्यवसायच तसा होता. टेबलावर बसवलेल्या, दोऱ्यासारखे बारीक पाते असलेल्या विजेच्या आरीने ते प्लायवूडच्या पातळ फळीला भोके पाडत आणि त्या भोकांतून माणूस उभा करत. दारावरच्या पाट्या, वेलबुट्टीच्या चौकटी, दिव्याच्या जाळीदार टोप्या हेही ते करीत. परंतु त्यांच्याकडे लांबून लोक येत ते चेहऱ्यांसाठी.

या कलेत रंग नाही, रेघ नाही. ओठांमधली फट, भुवयांचा काळेपणा, नाकाखालची सावली, जे जे काळे असायला हवे ते ते कापून टाकायचे. आणि चाळण झालेली ती फळी शेवटी काळ्या पाटीवर ठेवायची. जिथे लाकूड नाही तिथे अंधार दिसतो, आणि उरलेले लाकूड उजेड होते. आपल्या प्राचीन तार्किकांनी अभावालाही एक पदार्थ मानले, त्यामागची सूक्ष्म दृष्टी ज्याला ग्रंथ वाचून उमगत नाही, त्याने भोकपाड्यांच्या खोलीत घटकाभर बसावे. तिथे नसलेपणाने माणूस घडत असे.

त्यांच्या कामाचा एक नियम मात्र ऐकणाऱ्याला थक्क करी. ज्याचा चेहरा करायचा, त्याचा फोटो ते कधीही पाहत नसत. फोटोवरून नकाशा काढण्याचे काम त्यांच्या पत्नीचे. त्या पूर्वी शाळेत चित्रकला शिकवीत, म्हणून सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत, नवरासुद्धा. काचेखाली दिवा लावून, मोठ्या केलेल्या फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून त्या शाईने काळे-पांढरे भाग वेगळे करीत. कोणताही पांढरा तुकडा सुटा राहून निखळू नये म्हणून त्याला लाकडाचा एखादा चिंचोळा पूल ठेवावा लागे, आणि तो पूल सुरकुतीसारखा किंवा केसाच्या बटेसारखा दिसावा यात बाईंचा हातखंडा होता. तो कागद फळीवर डकवून भोकपाडे फक्त रेषेमागे जात.

या नियमाचेही एक कारण होते. उमेदीच्या काळात त्यांनी एका दुकानदाराचा फोटो समोर ठेवून काम केले, आणि कापता कापता त्याचे फेंदारलेले नाक त्यांच्या हाताने न सांगता नीट करून टाकले. दुकानदाराची बायको चौकट घेऊन परत आली. म्हणाली, “नाक फार सुरेख आहे हो, पण ते ह्यांचं नाही. रोज बघून माझा जीव जळेल.” तेव्हापासून भोकपाडे म्हणत, “फोटो दिसला की हात शहाणपणा करतो. आंधळा हात प्रामाणिक असतो.”

एका दुपारी पस्तिशीचा एक चष्मेवाला त्यांच्या दारात उभा राहिला. त्याचे चष्म्यांचे दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. त्याने खिशातून एक फोटो काढला.

“मला दाखवू नका,” आरीवरची नजर न काढता भोकपाडे म्हणाले. “तो विभाग बाईंचा.”

“म्हणजे? चेहरा तुम्हीच करता ना, काका?”

“मी भोकं करतो. चेहरा त्या करतात.”

“आणि शिव्या दोघं मिळून खातो,” बाई म्हणाल्या. “द्या इकडे.” फोटो पाहून त्यांनी पाहुण्याकडे पाहिले. “अहो, हा तर तुमचाच!”

“नाही, दादाचा. आम्ही जुळे. तो सात मिनिटांनी मोठा.” चष्मेवाला थांबला. “आठ महिन्यांपूर्वी गेला. तापाचं निमित्त झालं, आणि आठवड्यात सगळं आटोपलं.”

भोकपाड्यांनी आरी बंद केली.

“घरात फोटो आहेत, पण सगळे आम्हा दोघांचे. एकट्याचा हा एकच. आणि आईला कागद नको आहे, हाताला लागेल असं काहीतरी पाहिजे.” तो हातातली पिशवी या हातातून त्या हातात करीत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “खरं सांगू का, काका? हे आईसाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त आहे. आठ महिने झाले, आई माझ्याकडे बघत नाही.”

“बोलत नाहीत?”

“बोलते की. ‘जेवलास का’ विचारते, ताटाकडे बघून. ‘दार लाव’ म्हणते, दाराकडे बघून. मी खोलीत आलो की मान खाली घालते. माझ्या तोंडावर तिला तो दिसतो ना. एकदा मी मुद्दाम समोर जाऊन उभा राहिलो, तर तिनं डोळे मिटून घेतले. आपल्या आईनं आपल्याला बघून डोळे मिटायचे, म्हणजे...” त्याने वाक्य सोडून दिले. “दादाला भिंतीवर त्याची जागा मिळाली, तर कदाचित ती माझ्याकडे माझा म्हणून बघेल. म्हणून आलो.”

भोकपाडे हादरले. इतक्या वर्षांत लोकांनी त्यांच्याकडे मेलेली माणसे आणली होती. जिवंत माणसाने स्वतःचा चेहरा सोडवून मागावा, हे प्रथमच घडत होते. त्यांची एक सवय होती. कुणाचे दुःख सोसेनासे झाले की ते आरी सुरू करीत. त्याही दिवशी त्यांनी बटण दाबले, आणि त्या घरघरीत, बाईंशी चाललेले पाहुण्याचे पुढचे बोलणे बुडून गेले.

ते बोलणे असे होते : “एक लक्षात ठेवा हं, बाई. आमच्यात फरक काय तो उजव्या-डाव्याचा. माझा तीळ उजव्या गालावर, त्याचा डाव्या. माझा भांग उजवीकडे, त्याचा डावीकडे. समोरासमोर उभे राहिलो की मधे आरसा आहे असं वाटायचं.”

बाईंनी ते लक्षात ठेवले. तीन दिवस खपून त्यांनी नकाशा काढला, आणि ट्रेसिंग पेपरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात नेहमीप्रमाणे एक लाल ठिपका दिला. तो त्या दोघांचा संकेत होता. त्या कागदावरची शाई दोन्ही अंगांनी सारखीच दिसते. ठिपका उजव्या हाताला असला की कागद सुलटा आहे. कापून झाल्यावर फोटो आणि फळी शेजारी ठेवून बाई पुन्हा एकदा ताडून पाहत. परंतु यावेळी नकाशा दिल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते.

“आठ-दहा दिवस बारीक काही बघायचं नाही म्हणालेत डॉक्टर,” काळा चष्मा चढवून घरी आलेल्या बाई म्हणाल्या.

“चाळीस वर्षं मला बघतेस. त्याहून बारीक काय बघायचंय?”

“म्हणूनच तर मोतीबिंदू झाला.”

असे हसतखेळत काम सुरू झाले. हाताशी असलेली चांगली फळी बोटभर अरुंद निघाली. भोकपाड्यांनी कागदाची उजवी कड तेवढी छाटली; त्या कडेवर चित्र नव्हतेच. गुंडाळी करून ठेवलेला तो कागद सारखा कडा वर उचलत होता. म्हणून, कुणीही जाणता कारागीर करील तेच त्यांनी केले : कागद पालथा घातला, म्हणजे कडा आपोआप खाली दबल्या. गोंद लावला आणि हाताने सपाट केला. छाटलेल्या पट्टीबरोबर लाल ठिपका केराच्या टोपलीत गेला, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. एका अंगठ्याएवढ्या जागेत घडलेला हा प्रमाद, आणि त्याचे परिणाम पाहा.

नऊ दिवस त्यांनी काम केले. बारीक छिद्र पाडायचे, पात्याचे वरचे टोक सोडवायचे, ते छिद्रातून ओवून पुन्हा ताणून बसवायचे, आणि फळी बोटांनी फिरवीत रेषेवरून न्यायची. तुकडा टपकन खाली पडला की पुढचे छिद्र. आधी डोळे, कारण तोवर फळीत बळ असते. केस सर्वांत शेवटी. गालावर बाईंनी मोहरीएवढा एक ठिपका काढला होता, तिथे नुसते ड्रिल टेकवले. कागद ओला करून सोलला, वरचे अंग पॉलिश पेपरने घासले, तेलाचा हात दिला. चेहरा कुणाचा, कसा, हे त्यांनी पाहिले नाही. त्यांनी फक्त कडा पाहिल्या, आणि कडा निर्दोष होत्या.

ठरल्या दिवशी चष्मेवाला आईला घेऊन आला. साठी ओलांडलेली ती उंबऱ्याशी क्षणभर घुटमळली. मुलाने कोपराला धरून तिला आत आणले. ती जमिनीकडे पाहत होती.

“तू बस,” ती जमिनीला म्हणाली.

“तू बस आधी, आई.”

“मला उभ्यानं बघायचंय.”

भोकपाड्यांनी काळी पाटी टेबलावर ठेवली. फळी पाटीवर ठेवण्याचा हा एकच क्षण ते गिऱ्हाइकासमोर साजरा करीत. तोवर भोकांतून टेबल, हत्यारे, स्वतःचा हात असे काहीबाही दिसत असे. त्यांनी दोन्ही हातांनी फळी उचलली आणि हळुवार पाटीवर टेकवली. काळोख जागच्या जागी भरला. एक तरुण पुरुष, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून, सर्वांकडे पाहू लागला.

आईने मान वर केली आणि किंकाळी फोडली.

ती रडणाऱ्या माणसाची किंकाळी नव्हती. रस्त्यात आपले लेकरू गाडीखाली जाताना दिसावे, तेव्हा जो आवाज फुटेल तो आवाज होता. समोरच्या शिंप्याचे मशीन थांबले. तेलाची बाटली कलंडली, ती कुणी उचलली नाही.

“हा धाकटा आहे!” ती ओरडली. “माझा धाकटा आहे हा! याला का असं केलंत? याला काय झालं?”

आणि ती गर्रकन वळली. आठ महिने ज्या चेहऱ्याकडे तिने पाहिले नव्हते, तो तिने दोन्ही हातांत पकडला. अंगठ्याने त्याच्या उजव्या गालावरचा तीळ ती खसाखसा घासू लागली, जणू तो पुसून तर जात नाही ना, हे तिला पाहायचे होते.

“तू आहेस ना? बोल की रे! तू आहेस ना?”

“आहे, आई. इथंच आहे मी.”

“मग हे काय आहे?”

धाकट्याने पाटीकडे पाहिले. गेलेल्या भावासाठी मांडलेल्या त्या काळ्या चौकोनात तो स्वतः हसत होता. उजवा गाल, उजवा तीळ, उजवा भांग. माणसाला स्वतःचे मरण कल्पनेत दिसते म्हणतात. त्याला ते तेल लावून, घासूनपुसून, टेबलावर दिसले. तो मटकन स्टुलावर बसला.

काय घडले हे भोकपाड्यांना कळत नव्हते. अखेर त्यांनी आयुष्यभर बाळगलेले भय बाहेर आले :

“नाक... नाक चुकलं का माझ्याकडून?”

बाई भिंतीच्या आधाराने पुढे आल्या, काळा चष्मा काढून टेबलावर वाकल्या. एका डोळ्याने त्यांनी फळी पाहिली, मग स्टुलावरचा माणूस पाहिला.

“अहो, कागद कसा लावला होतात?”

“कागद लावतात तसा.”

“ठिपका कुठल्या हाताला होता?”

भोकपाडे आठवू लागले. आठवता आठवता त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. “कड छाटली मी. फळी बोटभर कमी होती. आणि कडा उचलत होत्या, म्हणून मी तो...” त्यांनी हाताचा तळवा पालथा करून दाखवला. दुसऱ्या कुणाच्याही बाबतीत या चुकीने भांग इकडचा तिकडे झाला असता, एवढेच. इथे त्या चुकीने मेलेल्याला ठेवून जिवंताला उचलले होते.

त्यानंतर त्यांनी जे केले, ते विचार करून केले नाही. हात त्यांच्या आधी धावला. त्यांनी फळी पाटीवरून उचलली आणि उलटी ठेवली.

तेच डोळे, तेच दाबलेले हसू. पण तो तो नव्हता. थोरला आला होता. आरीचे पाते खाली जाताना लाकडाच्या खालच्या अंगाला कुसळे उठतात. ते अंग अजून घासलेले नव्हते. जबड्याच्या कडेने, ओठांभोवती, हनुवटीखाली ती कुसळे बारीक खुंटांसारखी उभी होती.

“असाच होता शेवटी,” आई म्हणाली. आवाज आता अगदी लहान झाला होता. “दाढी वाढली होती त्याची. आठ दिवस कुणाला सुचलंच नाही.”

आणि ती रडली. धाकट्याने नंतर बाईंना सांगितले, की आठ महिन्यांत तिच्या डोळ्यांतून पाणी आलेले त्याने त्या दिवशी प्रथम पाहिले. तिचा एक हात फळीवर होता. दुसऱ्या हाताने तिने धाकट्याची बाही मुठीत धरली होती, आणि ती मूठ ती सोडत नव्हती.

बऱ्याच वेळाने धाकटा म्हणाला, “आई, तू मला एका नजरेत ओळखलंस.”

“मग? न ओळखायला काय झालं?” ती नाक पुसत फणकारली. “दाई तुमच्यात गल्लत करायची. तुमचे वडील गल्लत करायचे. मी कधी केली का?”

“आता आठ महिने...”

“आठ महिने काय?” ती थबकली. आपण काय केले हे तिला त्या क्षणी दिसले असावे, कारण तिचे ओठ उघडेच राहिले. “मी तुझ्याकडे... नव्हते का रे बघत?”

धाकट्याने नकारार्थी मान हलवली. हाही एक धक्काच होता, आणि किंकाळी फोडायला तिच्यात आता त्राण उरले नव्हते.

भोकपाडे खिडकीशी जाऊन उभे राहिले होते. बाई जवळ गेल्या.

“किती चेहरे मी असे पालथे दिले असतील गं?” ते पुटपुटले. “लोक बिचारे काही बोलले नसतील. घरी नेऊन भिंतीवर लावले असतील.”

“मी असताना एकही नाही.”

“आणि तू नसताना?”

“मी कधी नव्हते?”

मग भोकपाडे, पाहुण्यांसमोर येऊन, हात जोडून म्हणाले, “वहिनी, मी नवीन करून देतो. फळी नवी, नकाशा नवा. या वेळी मी फोटो समोर ठेवीन. पहिल्यांदा ठेवीन. हे मी मोडून टाकतो.”

“हात लावू नका त्याला,” आई म्हणाली. तिने कुसळांवरून बोट फिरवले. “हे घासून निघेल का?”

“निघेल. पण वेळ लागेल, आणि हाताला टोचेल.”

“द्या मग.”

भोकपाड्यांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी होकार दिला. आपल्या कामाला भोकपाड्यांनी आजवर परका हात लागू दिला नव्हता. परंतु त्या दुपारी त्यांनी मऊ पॉलिश पेपरचा तुकडा फाडला, लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला गुंडाळला, आणि तो त्या माउलीच्या हाती दिला. “जोर नको,” ते म्हणाले. “एकाच दिशेनं. पूल बारीक आहेत, तुटतील. खालून कुणीतरी धरायला हवं.”

धाकट्याने स्टूल पुढे ओढले आणि फळी दोन्ही हातांनी खालून धरली. आई समोर बसली. हनुवटीपासून तिने सुरुवात केली. खसखस असा बारीक आवाज येऊ लागला. शिंप्याचे मशीनही पुन्हा चालू झाले. भोकपाडे शेजारी उभे होते, आणि तिची बोटे जिथे जातील तिथे त्यांची नजर जात होती. त्यांना तिला थांबवावे असे एकदाही वाटले नाही.

वरच्या ओठापाशी आल्यावर तिने फुंकर मारली, आणि मान वर करून समोर पाहिले. पाहताच हातातला ठोकळा तसाच थांबला. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा तोच धसका उमटला, म्हणून भोकपाडे धास्तावून पुढे झाले.

“हे काय रे?” ती म्हणाली. “कानाशी सगळे पांढरे?”

“असू दे, आई.”

“असू दे काय? कधी पिकले?”

“झाले असतील पाच-सहा महिने.”

“त्याचा तर एक केस पिकला नव्हता,” ती म्हणाली, आणि लाकडाची पूड लागलेला हात पुढे करून तिने त्याचे डोके उजेडाकडे वळवले. “इकडे हो. बघू दे नीट.”